खिळ्यानंतरचं अंतर

ऑगस्ट २०२३मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं कन्नडचा औट्रम घाट जड वाहनांना बंद झाला. धुळे–सोलापूर महामार्गावरचे ट्रक आणि कंटेनर वळवायचे कुठून, तर एक वाट ठरली ती कसाबखेडा, देवगाव रंगारी, शिऊर बंगला, नांदगाव अशी. देवगाव रंगारीच्या रस्त्याला त्याआधीही वर्दळ कमी नव्हती. कापूस, मका, अद्रक, उसाच्या ट्रॉल्या, दूधवाले, बाजाराला निघालेली कुटुंबं, कॉलेजची पोरं. त्यात ही अजस्र धुडं आली. मोठ्या गाड्या आल्या की त्यांचा कचराही रस्त्यावर येतो: सुटलेले नट, पत्र्याचे तुकडे आणि सगळ्यात वाईट म्हणजे फाटलेल्या ट्रकटायरांतून निघालेल्या बारीक पोलादी तारा. ह्या तारा डोळ्यांना दिसत नाहीत, टायरात मात्र बरोबर शिरतात.

मोटारसायकल पंक्चर झाली की माणूस दुकानात एकच प्रश्न घेऊन येतो. निघेल का, की टायरच टाकावा लागेल? जाणता पंक्चरवाला उत्तर द्यायच्या आधी उलट विचारतो, "भाऊ, कुठून आणली तशीच?" गिऱ्हाइकाला वाटतं, हा आपला बोलायचं म्हणून बोलतोय. खरं तर अर्धं निदान ह्या प्रश्नातच झालेलं असतं. "इथूनच, ढकलत आणली" हे एक उत्तर आणि "फाट्यापासून, दोघं बसून आलो" हे दुसरं. दोन्हीत खिळा तोच असेल, भोकही तेवढंच असेल, पण दुसऱ्या उत्तराची किंमत दीड-दोन हजार रुपयांनी जास्त असू शकते. खिळा टायरला क्वचितच मारतो. टायर मरतो तो खिळा लागल्यानंतर हवा नसताना तुडवलेल्या अंतरानं.

हे असं का, ते टायर कशाचा बनतो ह्यावरून कळतं. टायर म्हणजे रबर अशी आपली समजूत असते. पण हवेचा दाब पेलण्याचं काम रबर करत नाही, ते त्याच्या पोटातले दोरे करतात. रोजच्या वापराच्या मोटारसायकलींच्या टायरात बहुधा नायलॉनच्या दोऱ्यांचे थर असतात, एकमेकांना तिरके छेदणारे. दोन्ही काठांना पोलादी तारेचं कडं असतं, ते रिमला घट्ट धरून बसतं. रबर ह्या सांगाड्यावर चढवलेलं कातडं. रस्त्याला घासणारा जाड भाग आपण बघतो आणि त्यावरून टायर नवा की जुना ते ठरवतो, पण टायरचं आयुष्य आतल्या दोऱ्यांवर असतं.

हवा भरलेली असते तेव्हा हे दोरे ताणलेले असतात, वाकणं थोडं होतं. हवा गेली की रिम आणि रस्ता ह्यांच्या मधे टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, दुमडली जाते. १८ इंची रिमवरचा ८०/१०० मापाचा टायर घेतला तर त्याचा परीघ १.९४ मीटरच्या आसपास भरतो. म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाक पाचशेहून जास्त वेळा फिरतं आणि साइडवॉलचा प्रत्येक भाग तेवढ्या वेळा रिमखाली चेंगरतो. दोन किलोमीटरमध्ये हजारावर वेळा. वर दोन माणसांचं वजन. नायलॉन तापतं, दोरे तुटतात, आतलं रबर घासून त्याची भुकटी होते. टायर उतरवल्यावर आत काळी पूड सापडली की समजावं, हा टायर बसका चालवलेला आहे. बाहेरून तो कितीही नवा दिसो. बोटानं आतून साइडवॉल चाचपली तर चहूकडे एक खरबरीत पट्टा लागतो. असा टायर पुन्हा हवा भरून उभा राहतो, दोन दिवस चालतोही, आणि मग बाजूला फुगा येतो. फुगा म्हणजे तिथले दोरे तुटले, आता हवेला फक्त रबरानं धरलंय. त्याला दुरुस्ती नाही.

आता काटे आणि खिळे. ट्रक आले म्हणून मराठवाड्यातली जुनी कारणं कुठं गेलेली नाहीत. बांधावरची बाभूळ आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ ह्यांचे काटे हे शेतरस्त्यावरचं पहिलं कारण. बैलांच्या खुरांना ठोकलेल्या पत्र्या झिजून निसटतात, त्यांचे खिळे रस्त्यावर पडतात, आणि ते डोक्यावर उभे राहिले की पुढच्या गाडीचं काम झालंच. पहिल्या पावसानं कडेचं सगळं डांबरावर वाहून आणलं की पंक्चरच्या दुकानात गर्दी होते. महामार्गाची तऱ्हाही वेगळी नाही. सप्टेंबर २०२५मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धी महामार्गावर रात्रीच्या वेळी काही गाड्यांचे टायर फुटले आणि रस्त्यात खिळे ठोकल्याच्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या. लुटारूंचं काम, अशी अफवा उठली. रस्ते विकास महामंडळानं खुलासा केला तो असा, की काँक्रीटमधल्या भेगांत इपॉक्सी भरण्यासाठी बसवलेल्या त्या नळ्या होत्या. दुरुस्तीसाठी ठोकलेल्या वस्तूंनीच टायर फोडावेत, ह्याला काय म्हणायचं!

काटा आणि खिळा ह्यांच्यात एक फरक आहे, तो लक्षात ठेवण्याजोगा. खिळा दिसतो, उपटता येतो. काटा टायरात शिरतो आणि बाहेरून झिजून तुटतो, टोक आतच राहतं. ट्यूबला पॅच लावून टायर चढवला की संध्याकाळी पुन्हा गाडी बसलेली. गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं, "पॅच सुटला तुमचा." पॅच शाबूत असतो, शेजारी नवं भोक असतं. म्हणून चांगला कारागीर ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून चिंधी फिरवतो. नुसता हात नाही, चिंधी. काट्याचं टोक चिंधीत अडकतं, बोटात घुसत नाही. त्याहून एक नेमकी युक्ती आहे. टायर उतरवायच्या आधी व्हॉल्व्हच्या समोर टायरवर खडूनं खूण करायची. मग ट्यूबमधलं भोक व्हॉल्व्हपासून किती वीत लांब आहे ते मोजलं की टायरात तेवढ्याच अंतरावर काटा असतो, उजवीकडे नाहीतर डावीकडे. ही खूण करणारा पंक्चरवाला भेटला तर दुकान बदलू नये.

ट्यूबचं काम जवळून बघितलं तर त्यात बरंच रसायनशास्त्र आहे. ट्यूब फुगवून पाण्याच्या टबात फिरवतात, बुडबुडे येतात तिथं बोट ठेवतात. मग जागा कोरडी करून घासणीनं घासतात. हे घासणं ट्यूबवरचा तेलकट, गुळगुळीत थर काढण्यासाठी असतं. त्याशिवाय पॅच धरत नाही. त्यावर सोल्युशन लावतात आणि इथं बहुतेक ठिकाणी घाई होते. सोल्युशन ओलं असताना पॅच चिकटवला तर आतला द्रव अडकून राहतो आणि पॅच महिनाभरात उचलला जातो. सोल्युशन दोन-चार मिनिटं वाळू द्यावं लागतं, बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला येऊ नये इतपत. पॅचच्या खालच्या थरातली रसायनं आणि सोल्युशन ह्यांची मग गाठ पडते आणि दोन रबरं गंधकाच्या बंधांनी जोडली जातात. चार्ल्स गुडइयरनं १८३९मध्ये रबर आणि गंधक तापवून जे साधलं, तेच इथं थंडपणे घडतं. पूर्वी ट्रकच्या ट्यूबला गरम पॅच मारायचे, शिकंज्यात दाबून खाली आच द्यायची. ते काम जास्त टिकाऊ होतं. अजूनही कुठंकुठं चालतं. पण साध्या गाडीच्या ट्यूबला थंड पॅच नीट वाळवून लावला तर पुरे.

पॅच कधी लावू नये? व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटली असेल तर नाही. ती जागा हलती असते, पॅच तिथं राहत नाही. भोकाऐवजी लांब चीर असेल तर नाही. एका ट्यूबवर चार-पाच पॅच झाले, तेही जवळजवळ, तर नाही. आणि बसकं चाक चालवून ट्यूब चघळली गेली असेल तर प्रश्नच मिटला. कधीकधी ट्यूबवर शेजारीशेजारी दोन बारीक चिरा दिसतात, साप चावल्यासारख्या. टायरात खिळा नाही, काटा नाही. ते हवा कमी असल्याचं लक्षण आहे: खड्ड्यात चाक आदळलं आणि रिम नि रस्ता ह्यांच्या चिमट्यात ट्यूब सापडली. त्याला पॅच लावता येतो, पण हवा तेवढीच ठेवली तर पुढचा खड्डा वाट बघत असतोच. आऱ्यांच्या चाकाला अजून एक भानगड. रिमच्या आत आऱ्यांच्या टोकांवर रबराची पट्टी असते. ती कुजली किंवा कुणी परत बसवलीच नाही, की आऱ्यांची टोकं ट्यूबला आतून टोचतात. भोक रिमकडच्या बाजूला सापडलं तर रस्त्याला शिव्या देऊ नयेत, पट्टी बघावी.

नवी ट्यूब अडीचशे-साडेतीनशे रुपयांना येते आणि पंक्चर काढायला पन्नास-शंभर लागतात. हा हिशेब आपल्याकडे उलटा केला जातो, असं मला वाटतं. ट्यूबच्या बाबतीत लोक फार चिकटपणा करतात, सात पॅचची ट्यूब वापरतात, आणि टायर मात्र दुकानदारानं "आता गेला" म्हटलं की डोळे झाकून बदलतात. खरं तर संशय आला तर ट्यूब बिनधास्त बदलावी, आणि टायर बदलण्याआधी तो आतून उघडून दाखवायला सांगावं. टायर नवा टाकताना ट्यूब जुनीच ठेवणं तर फारच वाईट. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते, नव्या टायरात तिला घड्या पडतात आणि घडी पडली की तिथं घासून भोक.

टायर काढता-घालता येतो, हीच गोष्ट मुळात पंक्चरमुळे जन्माला आली. रॉबर्ट विल्यम थॉमसननं हवेच्या टायरचं पेटंट १८४५मध्येच घेतलं होतं, पण ते विसरलं गेलं. बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप ह्या गुरांच्या डॉक्टरनं १८८८मध्ये मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी ते पुन्हा शोधलं. डनलॉपचा टायर रिमला चिकटवलेला असे. १८८९मध्ये फ्रान्सच्या क्लेरमाँ-फेराँ गावी मिशलँ बंधूंच्या कारखान्यात एक सायकलस्वार असा फुटका टायर घेऊन आला, तेव्हा तो काढून दुरुस्त करायला तीन तास लागले आणि गोंद सुकायला रात्र. सकाळी काही अंतर गेल्यावर तो पुन्हा बसला. ह्यातून एदुआर मिशलँनं काढता-घालता येणारा टायर बनवला आणि १८९१च्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँ त्याच्यावर जिंकला. देवगावच्या पंक्चरवाल्याच्या हातातली टायर उचकटायची टॉमी त्या रात्रीच्या वैतागाची वंशज म्हणायला हरकत नाही.

ट्यूबलेस त्यानंतर खूप उशिरा आला. अमेरिकेत गुडरिच कंपनीनं तो १९४६-४७मध्ये जाहीर केला, आपल्या साध्या मोटारसायकलींपर्यंत यायला साठ-सत्तर वर्षं लागली. आता मॅग व्हीलवरच्या स्प्लेंडरसारख्या गाडीलाही ट्यूबलेस असतो. त्यात ट्यूबऐवजी टायरच्या आतून ब्यूटाइल जातीच्या रबराचं अस्तर असतं, त्यातून हवा फारच हळू झिरपते. खिळा शिरला तरी रबर त्याला आवळून धरतं आणि हवा तासन्‌तास टिकते. ट्यूबची हवा मात्र आऱ्यांच्या भोकांतून क्षणात पळते. म्हणून ट्यूबलेसमध्ये खिळा दिसला की रस्त्यात उपटू नये. हा मोह सगळ्यांना होतो. खिळा हाच बूच असतो. तो काढला की जी गाडी गावापर्यंत आली असती ती जागीच बसते. खिळा तसाच ठेवून हवा भरून घ्यावी आणि हळू दुकानापर्यंत यावं.

दुकानात ट्यूबलेसला दोरी मारतात. खिळा पकडीनं ओढला की रीमर, म्हणजे कानशीसारखा दातेरी सुळा, भोकात पिळत घालतात. मग चिकट दोरी सुईच्या डोळ्यात ओवून भोकात दाबतात, दोन्ही टोकं बाहेर ठेवून सुई झटक्यात ओढून घेतात. टोकं कापतात, थुंकी लावून बुडबुडा येतो का बघतात. पाच मिनिटांचं काम, चाक खोलायचीही गरज नाही. पण चाक खोललं नाही म्हणजे आत काय झालंय ते कुणी बघितलं नाही. टायर कंपन्या म्हणूनच बाहेरून मारलेल्या दोरीला तात्पुरती दुरुस्ती मानतात. त्यांच्या दृष्टीनं खरी दुरुस्ती म्हणजे टायर उतरवून आतून बघून, देठ भोकात आणि छत्री आतल्या बाजूला चिकटलेली, असा पॅच बसवणं. आपल्याकडे त्याला मशरूम म्हणतात. मशरूमचं सामान लहान गावातल्या सगळ्याच दुकानांत नसतं, शहरात मिळतं.

इथं माझं मत थोडं व्यवहारी आहे. मागचं चाक, मधोमध शिरलेला बारीक खिळा, हवा पूर्ण जायच्या आधी लक्षात आलेलं, आणि गाडी साठच्या वर कधी न जाणारी. अशा वेळी नीट मारलेली दोरी टायर झिजेपर्यंत चालते, हे रस्त्यावर सगळीकडे दिसतं. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्यानं हवा तपासायची, एवढी अट. पण पुढचं चाक असेल तर मी ती सवलत देणार नाही. मागचा टायर बसला तर गाडी डुलते, थ्रॉटल सोडून ती सावरता येते. पुढचा बसला तर हँडलच ऐकत नाही. पुढच्या टायरला दोरी मारलीच तर पुढच्या दोन-चार दिवसांत शहरात गेल्यावर मशरूम करून घ्यावा, आणि भोक मधोमध नसेल तर टायर बदलावा.

जागेचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. जगभरच्या दुरुस्तीच्या नियमांत सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक, तेही फक्त रस्त्याला लागणाऱ्या भागात, दुरुस्तीयोग्य धरलं जातं. सहा मिलिमीटर म्हणजे मोठा खिळा किंवा बोल्टचा दांडा. साइडवॉलला कुठलीच दुरुस्ती नाही, मग भोक टाचणीएवढं का असेना. ताशी पन्नासच्या वेगात ती बाजू सेकंदाला सात वेळा वाकते आणि सुटते. दोरी असो की पॅच, इतक्या हालचालीत टिकत नाही. मोटारसायकलच्या टायरला कारपेक्षा एक अडचण जास्त आहे: तो गोल असतो, वळताना गाडी झुकते आणि टायरचा खांदा रस्त्याला लागतो. म्हणून कारला चालेल असं खांद्याजवळचं भोकही इथं टाळलेलं बरं. तिरका शिरलेला खिळा फसवतो. बाहेरून तोंड मधे दिसतं, आत टोक खांद्याजवळ निघतं.

फाटलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा चिकटवतात, त्याला गेटर म्हणतात. दुकानदार म्हणेल, "चालतंय मामा, वर्षभर काही होत नाही." उसाच्या टायरगाडीला चालत असेल, बैल ताशी चार किलोमीटरनं जातात. मोटारसायकलला गेटर म्हणजे आत घातलेला एक उंचवटा, जो टायरला त्या जागी सतत तापवतो. बाहेरून कोरडं रबर आणि आतून तुटके दोरे. रिमोल्ड टायरचं तसंच. ट्रकच्या टायरला नवं रबर चढवणं हा मोठा आणि चांगला धंदा आहे. एमआरएफ कंपनीनं टायर बनवायच्या कितीतरी आधी, १९५२ पासून, असं चढवायचं रबरच बनवायला सुरुवात केली होती. पण ट्रकच्या टायरचा सांगाडा त्या हिशेबानं जाड बनवलेला असतो. मोटारसायकलचा नसतो.

टायर पंक्चरमुळे नाही तर वयामुळे किंवा झिजेमुळे बदलायची वेळ आलेली असते, आणि पंक्चर हे फक्त निमित्त असतं. हे दुकानात उभं राहून स्वतः बघता येतं. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, साइडवॉलवर टीडब्ल्यूआय अशी खूण असते तिथं. रबर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीसाठी खाचेची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. गावाकडे टायर गोटा झाल्यावरही सहा महिने चालवतात, आणि गोट्या टायरला पंक्चर जास्त होतात हे कुणी जोडून बघत नाही. जिथं रबराचा थर पातळ, तिथं लहान काटाही ट्यूबपर्यंत पोचतो. वारंवार पंक्चर होतंय अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला पंक्चर काढून देणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं.

वय चार आकड्यांत लिहिलेलं असतं. २४२१ असेल तर २०२१च्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच वर्षांच्या पुढे गेला तर दरवर्षी नीट बघावा, दहाच्या पुढे कितीही नवा दिसला तरी वापरू नये, असं कंपन्याच सांगतात. घरी उभी राहणारी, फक्त लग्नकार्याला निघणारी गाडी असेल तर टायरच्या खाचा शाबूत असतात पण बाजूला केसासारख्या भेगा पडतात. हवेतल्या ओझोननं रबर वाळतं. अशा टायरात पंक्चर झालं तर काढून घेऊ नये.

भाराचा हिशेब कुणी करत नाही, म्हणून इथं करून बघू. टायरवर ५४पी असं लिहिलेलं असेल तर ५४ म्हणजे २१२ किलो, आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत. स्प्लेंडरचं स्वतःचं वजन ११२ किलो, त्यातलं निम्मं मागच्या चाकावर धरा. चालवणारा माणूस पासष्ट किलोचा, त्याचं थोडं जास्त वजन मागे. मागे बसलेला बहुतेक सगळा मागच्या चाकावर. कॅरिअरवर पेंडीचं पन्नास किलोचं पोतं. बेरीज दोनशेच्या पुढे जाते. म्हणजे टायरची मर्यादा अगदी काठोकाठ, आणि ती मर्यादाही पूर्ण हवा असतानाची. हवा पाच-सात पौंड कमी असेल तर टायर त्या भारासाठी बनवलेलाच नाही. चेन कव्हरवर किंवा पुस्तिकेत एकट्यासाठी आणि दोघांसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. दोघांचा आकडा बऱ्याच गाड्यांत चांगलाच जास्त असतो. हवा थंड टायरात मोजायची. एप्रिल-मेमध्ये दुपारी मोजली तर दहा अंशाला सव्वा-दीड पौंड जास्त दाखवते. ते जास्त वाटतंय म्हणून सोडून दिलं की सकाळी टायर मऊ.

जेल किंवा सिलंट टाकून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. काट्यांसाठी ते खरंच चांगलं. शेतरस्त्यावर ज्याची रोजची ये-जा आहे त्यानं टाकावं. पण जेल भोक बुजवतं तसं लपवतंही. आत चार खिळ्यांची टोकं अडकली तरी पत्ता लागत नाही, आणि एखाद्या दिवशी पॅच लावायची वेळ आली की ओल्या चिकट पृष्ठभागावर सोल्युशन धरत नाही. कारागीर वैतागतात ते ह्यासाठी.

रस्त्यात गाडी बसलीच, तर काय करावं? आधी ब्रेक मारू नये, विशेषतः पुढचा. थ्रॉटल सोडून गाडीला आपोआप थांबू द्यावं. मागच्याला उतरवावं, पोतं उतरवावं. दुकान दूर असेल तर इंजिन चालू ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, स्वतः बाजूनं चालत गाडी न्यावी. उन्हात हे सांगणं सोपं आहे, करणं नाही, मला कल्पना आहे. पण रिकामी गाडी चालत नेली तर साइडवॉलवर गाडीचंच वजन येतं, आणि कितीतरी वेळा टायर वाचतो. दोघं बसून "हळूहळू जाऊ" म्हणत आणली, तर वेग कमी असला तरी चाकाचे फेरे तेवढेच होतात.

टायर टाकायचाच ठरला तर साइडवॉलवर आयएसआय खूण बघावी. दुचाकीच्या टायरला आयएस १५६२७ आणि ट्यूबला आयएस १३०९८ ही मानकं लागू आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये नव्या टायरवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दुकानदार जुना भाव सांगत असेल तर विचारायला लाज बाळगू नये. तारीख बघावी, दोन वर्षं दुकानात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये. बाणाची दिशा बघून चढवून घ्यावा. नव्या टायरवर साच्यातून काढण्यासाठी लावलेलं तेलकट आवरण असतं, म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवायची नाही.

आणि उतरवलेला टायर दुकानात सोडून जायचा असेल तर तो का बदलला ते बघून सोडावा. झिजून गोटा झालेला असेल तर तो पत्र्यावर ठेवायला, झोक्याला, कशालाही जाऊ द्या. पण साइडवॉल तुटली म्हणून बदललेल्या टायरच्या खाचा बऱ्याचदा शाबूत असतात. आतून गेटर मारून तो "सेकंड"मध्ये निम्म्या भावात विकला जातो, आणि घेणारा बहुधा असा असतो ज्याच्याकडे नव्या टायरचे पैसे नसतात आणि ज्याच्या गाडीवर पोतं आणि माणसं मात्र सगळ्यात जास्त असतात. तेव्हा पैसे देऊन निघायच्या आधी दुकानदाराला कटरनं त्याचा काठ दोन ठिकाणी कापायला सांगावं. काठ कापलेला टायर रिमवर बसत नाही.